उल्हासनगरच्या नानकटाईची डुप्लिकेट

'यूएसए'ची गंमत आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. वस्तूवर 'मेड इन यूएसए' छापलेलं असायचं आणि घेणाऱ्याला नंतर कळायचं की यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण जगातली कुठलीही वस्तू कॅम्पात नेऊन दाखवा, आठवड्याभरात तिची डुप्लिकेट तयार, असं कल्याणपासून कर्जतपर्यंत लोक बोलायचे. त्या गावाच्या शेजारी, अंबरनाथला, माझी चाळीसच्या वर वर्षं गेली. आणि उल्हासनगरातल्याच एका नानकटाईची डुप्लिकेट मला पाच वर्षं झाली तरी जमलेली नाही.

बेकरी कॅम्प चारमधली. नाव लिहीत नाही, कारण शेठनीच 'नाव नको' म्हणून सांगितलंय. ही नानकटाई वरून फिकी, खालून बदामी, मधोमध तडा गेलेला आणि तड्याच्या कडेला एक चारोळी. तोंडात टाकली की चावावी लागत नाही, नुसती विरते. मागे तूप आणि वेलचीचा वास राहतो आणि त्याच्याही मागे अगदी बारीक असा धुराचा. आई सकाळच्या चहाबरोबर दोन खाते. दोनच. तिसरी कुणी पुढे केली तर 'मला काय लहान समजतोस काय रे' म्हणते आणि खाते.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि अंबरनाथहून विठ्ठलवाडी हे दोन स्टेशनांचं अंतर एकदम परदेशासारखं झालं. माझ्याकडे पत्रकाराचं कार्ड होतं, फिरायची मुभा होती, पण बेकरीला कुलूप होतं. कारागीर गावी निघून गेलेले. आठ-दहा दिवसांत आईचा डबा रिकामा झाला. ती काही बोलली नाही, फक्त चहाबरोबर पार्ले-जी बुडवताना एक सुस्कारा सोडायची. पार्ले-जीवर राग नाही हो. त्या लॉकडाऊनमध्ये त्याच बिस्किटानं देश चालवला. पण आईच्या दृष्टीनं ते बिस्कीट आणि ही नानकटाई. दोन वेगळ्या जाती.

मग मी घरीच करायला घेतली. ओव्हन नव्हता. कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाला मीठ पसरून, वर जाळी आणि थाळी. त्या महिन्यात महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत हाच उद्योग चालू होता. पहिली खेप थाळीभर पसरून तिची एकच मोठी भाकरी झाली. दुसऱ्या वेळी मैदा वाढवला, तर शके ९८२ मधलं आमचं शिवमंदिर ज्या खाणीच्या दगडातून घडवलं असेल तिथलाच माल वाटावा, असं काहीतरी निघालं. मुलीनं ती नानकटाई टेबलावर आपटून आवाज काढून दाखवला.

हळूहळू थोडं कळायला लागलं. सगळं काम तुपाचं आहे. तूप पातळ असलं की पीठ पसरतं. थिजलेलं घ्यायचं आणि पिठीसाखरेबरोबर हातानं इतकं फेसायचं की ते पांढरं, हलकं होतं, म्हणजे त्यात हवा भरते. मग मैदा, बेसन, जरासा रवा. पाणी अजिबात नाही. पाणी गेलं की मैद्याला चिकटपणा येतो आणि नानकटाई खुसखुशीत न होता चिवट होते. मळायचं नाही, नुसतं गोळा होईल इतपत एकत्र करायचं. गोळे करून अर्धा तास फ्रीजमध्ये. बेसन वासासाठी, रवा दाताखाली लागण्यासाठी, सोडा तडा जाण्यासाठी. वरचा थर आधी सुकतो, आतून सोड्याचा वायू वर ढकलतो आणि मधोमध फाटतं. तो तडा म्हणजे सजावट नव्हे, पुरावा आहे. पाव किलो मैद्याला पन्नास ग्रॅम बेसन, पंचवीस ग्रॅम रवा, दीडशे ग्रॅम तूप, एकशेतीस ग्रॅम पिठीसाखर आणि पाव चमचा सोडा, इथपर्यंत मी येऊन पोचलोय. पुढे ओटीजी घेतला. १७० अंशांवर अठरा मिनिटं.

चांगली होते. पाहुणे मागून घेतात. आई एक खाते, बरी झालीय म्हणते, आणि दुसरी घेत नाही.

बेकरी पुन्हा उघडल्यावर मी शेठना सरळच विचारलं, तुम्ही काय घालता ते सांगा ना. मला वाटलं होतं टाळतील. त्यांनी सगळं सांगितलं, वजनासकट, आणि माझ्या मापात आणि त्यांच्या मापात फारसा फरकच नव्हता. मी म्हटलं, मग चुकतंय कुठे? ते हसले. म्हणाले, "भाऊ, बाकी सब दे दूँगा. भट्टी कैसे दूँ?"

बेकरीच्या मागच्या बाजूला ती भट्टी. विटांची घुमटी, तोंड एवढंसं, आत माणूस आडवा झोपेल एवढी जागा. आधी आतच लाकडं पेटवतात. विटा तापल्या की निखारे बाजूला ओढतात, ओल्या पोत्यानं जमीन पुसतात. मग जे भाजलं जातं ते विस्तवावर नाही, विटांनी पिऊन ठेवलेल्या उष्णतेवर. ती उष्णता चारी बाजूंनी येते आणि तासातासानं उतरत जाते. त्या उतरणीवर बेकरीचं सगळं वेळापत्रक बसलेलं असतं. भट्टी कडक असते तेव्हा पाव. जरा निवळली की खारी. त्यानंतर नानकटाई. आणि सगळ्यात शेवटी, रात्रभर, टोस्ट सुकत पडतो. आमच्या ओटीजीत बटण १७० वर ठेवलं की ते १७० वरच राहतं. कुकरमध्ये तर आच फक्त खालून. उतरती आच घरात आणायची कुठून?

आता मुद्द्याचं सांगतो. हे कळायला मला पाच वर्षं लागली, पण माझ्या आईला चाळीस वर्षांपूर्वीच माहीत होतं. तिच्या पिढीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. म्हणून तर त्या घरी नानकटाई भाजण्याच्या फंदात कधी पडल्याच नाहीत. त्या घरचं सामान घेऊन भट्टीवर जायच्या.

तुमच्यापैकी ज्यांची चाळिशी उलटलीय त्यांना आठवत असेल. दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्यात, परीक्षा संपल्यावर. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप, वेलची, सगळं घरून मोजून न्यायचं. साखर रेशनची, दोन महिने थोडी थोडी बाजूला काढलेली. बरोबर पत्र्याचा मोठा डबा, बहुतेक तेलाचा, वरचा पत्रा कापून झाकण बसवलेला. बेकरीवाला वजन करून चिठ्ठी द्यायचा आणि मजुरी घ्यायची ती किलोमागे. काही जण सामान टाकून संध्याकाळी डबा न्यायला यायचे. आई तसं कधी करायची नाही. ती तिथेच फळकुटावर बसून राहायची, कारण आपलं साजूक तूप बाजूला काढून त्यात डालडा घालतील ही भीती. शेजारी आणखी चार-पाच जणी असायच्या, त्याही त्याच भीतीनं. मी आणि बहीण पत्रे बाहेर यायची वाट बघत असायचो. घरी आणेपर्यंत डबा गरम असायचा आणि रिक्षात मांडीला चटका बसायचा.

म्हणजे ती नानकटाई घरची की विकतची? सामान घरचं, कृती अर्धी आईची अर्धी कारागिराची, आच बेकरीची. आपण आज 'दुकानातलं घरी करून बघा' म्हणतो तेव्हा मधली ही पायरी विसरूनच गेलोय.

हा रिवाज का पडला असेल यावर मी बराच विचार केला. ओव्हन कुणाकडे नव्हते हे तर झालंच. पण निव्वळ तेवढंच असतं तर बेकरीतून विकत आणलं असतं. खरं कारण मला वाटतं विश्वासाचं होतं. बिस्कीट हा आपल्याकडे फार काळ संशयित पदार्थ होता. १४ ऑक्टोबर १८९० ला पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. त्या मंडळींत रानडे होते, टिळक होते. कुणी घेतला, कुणी नुसता हात लावला. गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि सगळ्या पुण्यात ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानडे काय, टिळक काय, शेवटी प्रायश्चित्ताच्या वाटेनं दोघांनाही जावं लागलं. एका कप चहानं आणि बिस्किटानं! (एक बातमीदार म्हणून मला गोपाळरावांचं कौतुकही वाटतं आणि भीतीही. एवढ्याशा बातमीत एवढा दारूगोळा आजवर कुणी भरला नसेल.)

ही शंका हवेतली नव्हती. पाव फुगवायला ताडी वापरत, बिस्किटात अंडं असायचं. नानकटाईची जी जन्मकथा सांगतात ती याच शंकेभोवती फिरते. सुरतेला डच व्यापाऱ्यांची वखार होती, त्यांच्यासाठी पाव भाजणारी भट्टी होती. डच गेले आणि भट्टी डोटीवाला या पारशी घराण्याकडे आली. गिऱ्हाईक गेल्यावर ताडीचा पाव स्थानिक लोक घेईनात. मग उरलेला पाव वाळवून विकला, तो चालला, आणि पुढे ताडी नाही, अंडं नाही, अशी तुपातली गोड वडी केली ती नानकटाई. सुरतेचे लोक मुंबईत आले तशी तीही आली. नावातलं नान म्हणजे फारसीतला पाव. खताईबद्दल दोन मतं आहेत. कुणी म्हणतं खता म्हणजे जुना चीन, कुणी म्हणतं सहा जिनसांची म्हणून. मला पहिलं पटतं, दुसरं ओढूनताणून वाटतं. ते काही असो, गिऱ्हाइकाला जे चालत नाही ते काढून टाकत टाकत हा पदार्थ तयार झालाय. घरचं तूप घेऊन भट्टीवर पहारा देणारी माझी आई त्याच गोष्टीतलं शेवटचं पान म्हणायची.

आणि ती भट्टी कुणाची, तर निर्वासितांची.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना सरकारनं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणून ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या. लाखाच्या आसपास माणसं त्या बराकींत, मधे गोणपाटाचे पडदे लावून राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव पडलं. पण पाऊणशे वर्षं झाली तरी रिक्षावाला अजून 'कॅम्प तीन, कॅम्प चार' असंच ओरडतो. आलेल्या लोकांकडे जमीन नव्हती आणि नोकऱ्याही नव्हत्या. जे थोड्या भांडवलात, घरातल्या माणसांच्या हातांनी करता येईल ते त्यांनी केलं. पापड, गोळ्या, बिस्किटं. लोकलमध्ये फिरून विकलं.

शेठचे वडील हैदराबादचे, सिंधमधल्या. तिथे 'बॉम्बे बेकरी' नावाची १९११ पासूनची बेकरी आहे, पहलाजराय थधाणींनी काढलेली. तिचा केक तिकडे अजूनही नावाजलेला. शेठनी तो कधी खाल्लेला नाही. वडील सांगायचे तेवढीच ओळख. आणि आपल्याकडच्या हैदराबादेत खानचंद रामनाणी नावाच्या सिंधी निर्वासितानं १९५३ मध्ये बेकरी काढली ती 'कराची बेकरी'. तिकडे बॉम्बे, इकडे कराची. माणूस जिथे राहतो तिथलं नाव दुकानाला देत नाही, जिथे मन अडकलंय तिथलं देतो. २०१९ मध्ये पुलवामानंतर बंगळुरूच्या दुकानाच्या पाटीवर 'कराची' हा शब्द झाकून ठेवावा लागला. २०२५ च्या मे महिन्यात खुद्द हैदराबादेत त्यांच्या एका दुकानाची मोडतोड झाली. ज्यांना तिथून हाकललं त्यांनाच इथे पाटी झाकायला लावायची, हे मला तरी समजलेलं नाही. आमच्या शेठनी बेकरीला देवाचं नाव दिलंय. "झंझट नहीं," म्हणतात.

शेठच्या वडिलांनी बेकरी घेतली ती साठच्या दशकात. भट्टीवरचे कारागीर पहिल्यापासून उत्तर प्रदेशातले मुसलमान. सिंध्याची भट्टी, भय्याचा हात आणि अंबरनाथच्या ब्राह्मणीचं तूप. पंचहौदाच्या वेळी हे सांगितलं असतं तर पुण्याचं काय झालं असतं!

तर डुप्लिकेट. माझ्या अडचणीत एक भर आणखी आहे. लहानपणी मी जी खाल्ली ती तरी आता कुठे मिळते? बेकरीत विकायला ठेवलेली नानकटाई वनस्पती तुपातली असायची. डालडा बाजारात आला १९३७ मध्ये. साजूक तुपापेक्षा स्वस्त, उन्हाळ्यातही घट्ट राहणारा, म्हणून बेकरीवाल्यांच्या पथ्यावर पडला. पण तेल घट्ट करण्याच्या त्या पद्धतीत ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयाला वाईट. सरकारनं हळूहळू मर्यादा आणत १ जानेवारी २०२२ पासून ती दोन टक्क्यांवर आणली. चांगलंच केलं. माझ्या वडिलांना दोन स्टेंट होते. पण म्हणजे नव्वद सालची नानकटाई आज बेकरीलाही करता येत नाही. मी ज्याची नक्कल करतोय ते मूळच जागेवर नाही.

आणि आता भट्टी.

मुंबईच्या हवेचं प्रकरण उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्वतःहून हाती घेतलं. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जावं. उल्हासनगर मुंबई महापालिकेत येत नाही. पण वारं कुठल्या दिशेनं वाहतंय ते धंदेवाल्याला आधी कळतं. शेठच्या मुलानं मागच्या वर्षीच विजेच्या ओव्हनचं कोटेशन आणून ठेवलं होतं.

मी या विषयावर लिहायचं ठरवलं तेव्हा डोक्यात एक सरधोपट बातमी होती. 'परंपरेवर घाला', वगैरे. म्हणून एका पहाटे चारला भट्टीवर जाऊन बसलो. दोन तासांत माझे डोळे चुरचुरायला लागले. कारागीर तिथे बावीस वर्षं आहे. त्याचा खोकला मला बाहेर रस्त्यावर येऊ लागला होता. आणि जळण काय होतं? उल्हासनगरचा फर्निचर बाजार तुम्हाला माहीतच आहे. तिथलं भंगार. जुन्या प्लायचे तुकडे, त्यावर रंग, पॉलिश, सनमायका. ज्या धुराच्या वासाचं मी वर एवढं कौतुक केलंय त्यात हेही असणार. ती बातमी मी लिहिली नाही.

गॅसवर विटांची भट्टी चालवता येते. पण शेठकडे ती पुन्हा बांधायला पैसे नाहीत आणि मुलाला ती नकोच आहे. तो म्हणतो, मशीनमध्ये ट्रॉली आत ढकलली की वीस मिनिटांत सगळे पत्रे एकसारखे भाजून बाहेर. त्याचं चूक नाही. मी त्याच्या मशीनची नानकटाई खाल्लीय. माझ्या ओटीजीसारखी लागते.

दिवाळीनंतर त्यांनी भट्टी बंद केली. त्याआधी शेठचा फोन आला होता, आईंना आणायचं असेल तर सामान घेऊन ये. आई शहात्तर वर्षांची आहे, गुडघे काम करत नाहीत, पण रिक्षातून आली. माळ्यावरचा तोच डबा, गंज लागलेला, मी चिंचेनं घासून काढला. चार किलोचं सामान आईनं स्वतः मोजलं होतं. शेठनी खुर्ची दिली तर म्हणाली, इथून तूप दिसत नाही, आणि खुर्ची दोन फूट पुढे ओढून घेतली. शेठ हसले नाहीत. त्यांनी कारागिराला सांगितलं, माताजींच्या समोर फेस.

डबा घरी आला तेव्हा गरम होता. आईनं एक खाल्ली आणि म्हणाली, वेलची जास्त झालीय. मग दुसरी घेतली.

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरात अजून घरचं सामान घेऊन भाजून देणारी भट्टी कुणाला माहीत असेल तर कृपया कळवा. गॅसवरची असली तरी चालेल, फक्त विटांची हवी. मंगळवारी मला सुट्टी असते.